सुहास जिवंत आहे की नाही?

मंडळी, थेटराबाहेरच्या आपल्या फलकावर हे घाईत लिहितोय, अक्षराला हसू नका.

शुक्रवारी दोन भावांच्या सिनेमाचा तिसरा भाग लागतोय. पोस्टरवर एकटा थोरला भाऊ बघून आपण महिनाभर भांडतोय. मागच्या भागाच्या शेवटी धाकटा सुहास होडीत बसून हसत गेला, मग आता तो कुठे आहे? मागचं सगळं पुसून नवी गोष्ट कशी सुरू करतात हे लोक? सगळ्यात मोठा आवाज माझाच होता.

आज सकाळी मुंबईहून मावसभाऊ आला, तिकडे तिसरा भाग आधीच लागलाय. म्हणाला, "अरे, ती होडी बुडते की! सुहास दुसऱ्या भागातच गेला. तिसऱ्याची सुरुवातच त्याच्या फोटोला हार घालून होते."

तसाच थेटरात धावलो. ऑपरेटर बंडूकाका शांतपणे म्हणाले, "शेवटच्या रिळाचा डबा चुकून एस्टीने दापोलीला गेला होता रे. मागाहून आला, पण तोवर पब्लिक हसत घरी जात होतं. उगाच पोराला कशाला मारायचं? नाही लावलं."

शुक्रवारी अख्खं थेटर माझ्याकडे बघेल, ते सोसेन एक वेळ.

पण पावस गावच्या आपल्या सदूने नुकतंच मुलाचं नाव सुहास ठेवलंय. बाळाला घेऊन पहिल्याच खेळाला येणार म्हणतोय.

त्याला कोण सांगणार? की बंडूकाकांनाच विचारू, या खेपेला पहिलं रीळ दापोलीला जाईल का?