कॅमेराकाकूंचा सकाळचा फोन

अनोळखी माणसाचा फोटो काढताना कॅमेराकाकूंनाच आधी घाम फुटायचा. मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाहेर पडताना त्या पर्समध्ये नॅपकिन ठेवत, आणि घरी येईपर्यंत तो ओला झालेला असे. आमच्या शेजारच्याच दारात राहायच्या. त्या निवृत्त झाल्यावर मुलाने त्यांना आपला जुना कॅमेरा दिला आणि म्हणाला, "फुलं, पक्षी काढ." काकूंनी एक दिवस गुलमोहर काढला नि कंटाळल्या. "झाडाला काय, ते उभंच असतं. माणूस निघून जातो," म्हणाल्या.

मग रोज सकाळी भाजीबाजार. सोबतीला मी, कारण एकटीने जायचा धीर होत नसे. "तू त्या लिंबंवाल्याच्या बाजूला उभी राहा. मी तुझाच फोटो काढतेय असं दाखवते." मी आपली दात काढून उभी, आणि फोटोत माझं फार तर कोपर. नंतर मात्र प्रिंट काढून ज्याची त्याला नेऊन द्यायच्या. "न विचारता घेतलंय, तर निदान परत तरी द्यायला पाहिजे ना!"

या नियमानेच वाट लावली. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला वारला. घरात त्याचा धड एक फोटो नव्हता. होता तो काकूंनी दिलेला, हातात इस्त्री धरून हसणारा. घरच्यांनी त्यालाच हार घातला. काही महिन्यांनी घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा गेले. भिंतीवर पुन्हा काकूंचाच फोटो. दोघंही आधीपासून आजारी होते, पण हे बाजाराला कोण सांगणार? एका सकाळी फुलवालीने कॅमेरा दिसताच तोंडावर पदर ओढला. "काकू, माझी पोरं लहान आहेत अजून. मला नका काढू."

काकू तिथे हसल्या. घरी येऊन त्यांनी कॅमेरा कपाटात साड्यांखाली टाकला. बाजारात मात्र जायच्याच, आता फक्त हजेरी घ्यायला. "लिंबंवाला दिसत नाही गं आज. विचार ना जरा." तो चहाला गेलेला असायचा, आणि परत येईपर्यंत काकू जागच्या हलत नसत. मी त्यांना अंधश्रद्धेवर भाषण द्यायचे, आणि आईचा फोटो त्यांनी कधी काढला नाही ना, हे मनातल्या मनात तपासायचे.

मग आईची बायपास ठरली. दवाखान्यात जायच्या सकाळी आईने नवी हिरवी साडी नेसून काकूंचं दार वाजवलं.

"चल, माझा फोटो काढ."

"वेडी आहेस का? परत आलीस की काढते."

"आणि नाही आले तर? आधार कार्डावरच्या त्या चोरट्या तोंडाला हार घालायचा का?"

"आई, गप्प बस!" मी ओरडलेच. पण आई दारातून हलेना. काकूंनी रडत रडत कॅमेरा बाहेर काढला. हात इतके थरथरत होते की फोटोत आईचा चेहरा नाहीच, नुसता हिरवा रंग फासल्यासारखा. ऑपरेशन चालू असताना काकू माझ्याशेजारी बाकावर नॅपकिन पिळत बसून होत्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मीही त्यांच्याकडे बघत नव्हते. माझ्या मनात जे येत होतं ते त्यांना दिसलं असतं.

आई परत आली. चालायला लागल्यावर तिने पहिलं काम केलं ते हे, की काकूंना कॅमेऱ्यासकट ओढत फुलवालीपुढे उभं केलं. "माझा पण काढला होता हिने. बघ, मेले का मी?" फुलवाली हसली आणि तिने पदर सोडला. काकूंनी नॅपकिन माझ्या हातात दिला नि कॅमेरा डोळ्याला लावला.

आता काकू मुलाकडे बंगळूरला असतात. तिथेही रस्त्यावर फोटो काढतात. भाषा येत नाही, ओळखीचं कोणी नाही, घाम तेवढाच. रोज घरातून निघण्याआधी त्यांचा आईला फोन येतो.

"आहेस ना गं?"

"आहे गं बाई. जा, काढ."

मगच त्या बाहेर पडतात.

आई आता फार थकली आहे. तिला फोनपर्यंत यायला वेळ लागतो, तोवर फोन मी कानाशी धरते, आणि पलीकडे काकूंनी रोखून धरलेला श्वास मला कळतो. एखाद्या सकाळी आई फोनपर्यंत येणारच नाही. उत्तर मात्र मी तयार ठेवलंय.

"आई आंघोळीला गेलीय, काकू. तुम्ही निघा."