दानिएल खोटं बोलला नाही

मार्थावहिनींचा फोन आला तेव्हा मी शिवाजी पेठेतल्या माझ्या बाइंडिंगच्या दुकानात खळ ढवळत होतो. "भावजी, हे प्रभूत निजले," एवढंच त्या बोलल्या. माझा मित्र, त्यांचा नवरा दानिएल गेला होता. मला आधी दुःख झालं नाही, भीती वाटली. खरं तेच सांगतो... माझा प्रश्न तसाच राहिला होता.

दानिएल तरुण पाळकांना पवित्र शास्त्र शिकवायचा. त्यातलं अक्षर न् अक्षर देवाचं, आपल्या सोयीचं तेवढं उचलायचं नाही, हा त्याचा हट्ट. कुणी धीराचं एखादं वचन म्हटलं, की तो लगेच मागची दोन न् पुढची दोन वाचायला लावायचा, अगदी मयताच्या घरीसुद्धा; आणि तेवढं वाचलं, की बहुधा तो धीर टिकायचा नाही. लोक त्याच्यासमोर वचन म्हणायला बिचकत. त्याची फाटकी बायबलं मीच बांधून द्यायचो. मी लिंगायत. चाळीस वर्षं चहावर आमची भांडणं झाली, पण त्यानं मला कधी आपल्या धर्मात ओढलं नाही आणि माझ्यासाठी शास्त्र पातळही केलं नाही.

यंदा त्याचं हृदय थकलं आणि माझ्या पोटात गाठ निघाली. शेवटच्या भेटीत त्याला बोलतानाही दम लागत होता. तरी मी विचारून टाकलं, "दान्या, तुझ्या पुस्तकापरमानं मी मेल्यावर कुठं जाणार? गोड बोलू नगंस."

त्यानं उशाशी ठेवलेलं बायबल जवळ ओढलं.

"शोधतोय की, आप्पा."

"म्हंजे अजून गावलं न्हाय?"

"मग काय, खोटं सांगू व्हय तुला?"

मला संताप आला. जन्माच्या मित्रासाठी चार बरे शब्द सुचू नयेत? चहा तसाच ठेवून उठलो, तो परत गेलोच नाही. त्याची आता लाज वाटते. येत्या सोमवारी माझं ऑपरेशन आहे.

काल वहिनींनी त्याची एक वही बांधायला आणून दिली. पहिल्याच पानावर माझं नाव. खाली वचनांचे आकडे, प्रत्येकासमोर मागची-पुढची वचनं बारीक अक्षरात लिहिलेली, आणि मग अख्खी ओळ खोडलेली. अशी अकरा पानं. मी बोट ठेवून ठेवून पाहिलं, एकही ओळ सुटलेली नाही.

बाराव्या पानावर, थरथरत्या अक्षरात, पुन्हा माझं नाव आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. चार ओळी, चारही खोडलेल्या. पाचव्या वचनाचा आकडा नुसताच घातलेला, पुढची जागा कोरी.