जाळी कुठं आहे, अंबादास?

आज सकाळी साडेसहाला आमच्या गोलला जाळी नव्हती.

ही साधी गोष्ट नाही. पन्नाशी ओलांडलेली चौदा माणसं, त्यातल्या निम्म्यांचे गुडघे डॉक्टरांनी आधीच नापास केलेले. जाळी नसली की प्रत्येक गोलनंतर बॉल थेट मागच्या रस्त्यावर, आणि तो आणायला कुणी जायचं यावर खरी मॅच.

म्हणून मी ग्रुपवर लेखी तक्रार नोंदवली.

"जाळीमंत्री अंबादास यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून तत्काळ राजीनामा द्यावा."

सहा जणांनी हसरे चेहरे टाकले. मी खूश.

सात वाजता रफीकचा फोन वाजला. रफीक आमचा गोलकीपर, कॉलेजपासूनचा. ऐकता ऐकता तो गोलपोस्ट धरून खाली बसला.

अंबादास पहाटेच गेला होता. हार्ट अटॅक.

माझी राजीनाम्याची मागणी त्यानंतर तासाभरानं पोचली होती.

हे अजून माझ्या डोक्यात शिरलेलं नाही. म्हणून लिहितोय.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी. अंबादास आमच्या कॉलेज टीमचा स्टॉपर, म्हणजे गोलकीपरच्या पुढची भिंत. शहराच्या पूर्व भागातला, विणकरांच्या वस्तीतला. घरी तेलुगू, मैदानावर मराठी, रेफरीशी भांडताना दोन्ही. सकाळी कॉलेज, संध्याकाळी ग्राउंड, रात्री टॉवेलच्या कारखान्यात मागावर पाळी. झोपायचा कधी, हे आम्ही कधी विचारलं नाही.

समोरचा फॉरवर्ड त्याच्यापाशी आला की एकदम उदार व्हायचा, बॉल दुसऱ्याला देऊन टाकायचा.

आमच्या टीमचा एक नियम होता. ज्याच्या चुकीनं गोल बसला, त्यानं मॅचनंतर जाळी सोडायची, घरी न्यायची, फाटली असेल तर गाठी मारायच्या आणि पुढच्या वेळी आणून बांधायची.

शेवटच्या वर्षीची फायनल आम्ही एक-शून्यनं हरलो. सेल्फ गोल. कॉर्नरवर चार जण एकदम उडाले आणि बॉल आमच्याच जाळीत.

"कुणाला लागला?" कॅप्टननं विचारलं.

अंबादासनं हात वर केला.

तेव्हापासून जाळी त्याच्याकडं. कॉलेज संपलं, लग्नं झाली, रविवारचा खेळ सुरू झाला, तरी जाळी त्याच्याकडंच. तीस वर्षांत तीन जाळ्या बदलल्या. माणूस तोच.

आणि तीस वर्षं मी त्यावर विनोद केले. लिहिण्याची माझी सगळी उमेदवारी त्या एका गोलवर झाली म्हणा ना.

त्याचं उत्तर ठरलेलं. "एम रा रायटर, संपलं का?"

'एम रा' म्हणजे काय रे. एवढंच तेलुगू मला येतं. तेही त्याच्यामुळंच.

आता कॉलेजच्या जिमखान्यात गौरवभिंत होणार आहे. जुन्या फुटबॉल खेळाडूंचे फोटो आणि प्रत्येकाखाली दोन ओळी. निवड समितीत मी आहे, कारण फुकट दोन ओळी लिहून देणारा दुसरा कुणी मिळाला नाही. यादीत माझंही नाव आहे. मी युनिव्हर्सिटी खेळलोय की.

गेल्या आठवड्यात बैठकीत अंबादासचं नाव निघालं.

"तो सेल्फ गोलवाला?" कुणीतरी म्हणालं.

मी म्हटलं, "त्याचा फोटो भिंतीवर कशाला, जाळीवरच लावू."

सगळे हसले. पुढचं नाव घेतलं गेलं. त्याचा कोरा फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये राहिला.

आज त्याच्या घरी गेलो. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा मेसेज मी वाचला."

मी उभाच.

"जाळी पिशवीत भरून गाडीला अडकवली होती हो. एका पायात बूट पण घातला होता. उशीर नव्हता केला त्यांनी."

 

स्मशानातून परत येताना मी रफीकला म्हटलं, "तो गोल अंबादासचा नव्हता."

"मेरेकू मालूम है," रफीक म्हणाला. "तेरे घुटने कू लगके अंदर आया. मैं सामनेच था ना."

मी गाडी बाजूला घेतली.

"उसकू बी मालूम था. मैं पूछा उसकू, हात कायकू उठाया रे? बोला, सिलेक्टर बैठेले हैं. मेरेकू वैसे बी पाळी छोडके जाने नई मिलता. रायटर तो जाएगा."

त्या फायनलनंतर तिसऱ्या दिवशी युनिव्हर्सिटी टीमची यादी लागली. त्यात माझं नाव होतं.

तीस वर्षं मला वाटत होतं, ही गोष्ट फक्त मला माहीत आहे.

प्रत्येक विनोदाच्या वेळी त्याला माहीत होतं. प्रत्येक.

घरी आल्यावर त्याचा फॉर्म भरला. अनुमोदक म्हणून सही केली. 'केलेले गोल' या रकान्यात शून्य लिहिलं. स्टॉपरनं त्याची लाज बाळगायची नसते.

'सेल्फ गोल' असा रकाना फॉर्मवर नसतो. माझ्या स्वतःच्या फॉर्मवर तो पट्टीनं आखला आणि एक लिहिलं.

दोन्ही फॉर्म समितीला पाठवलेत. माझं काय करायचं ते त्यांनी ठरवावं. त्याचं काय करायचं, हे विचारायची सोय मी ठेवलेली नाही.

परतताना वहिनींकडून जाळीची पिशवी मागून आणली होती. गॅलरीत पसरून बघितली. सगळीकडं त्याच्या गाठी, बारीक, एकसारख्या, मागावरच्या हाताच्या.

एक चौकोन सुटलेला राहिला होता.

मी गाठ मारली. बुटाच्या लेसची मारतात तसली, ओबडधोबड. दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली.

पिशवी आता माझ्या गाडीला आहे.

नीघ अंबादास. रविवारी पाच मिनिटं आधी जाऊन मी बांधतो.