मागच्या सीटवर तथागत

नाशिकरोडच्या पार्सल ऑफिसच्या ओट्यावर ते लाकडी खोकं पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा माझ्या मनात भक्तिभाव वगैरे काही आला नाही. हे गाडीत मावणार नाही, एवढंच आलं.

खोक्यात संगमरवराची बुद्धमूर्ती होती, जयपूरहून आलेली. देवळ्याच्या पुढे माझ्या मामांचं गाव. तिथे आमच्या लोकांनी चार वर्षं खपून एक लहानसा विहार बांधला होता आणि बुद्धपौर्णिमेला त्यात मूर्ती बसवायची होती. मूर्ती रेल्वेने यायला उशीर झाला, ठरवलेला टेम्पो ऐन वेळी लग्नाच्या वऱ्हाडाला निघून गेला आणि पौर्णिमा तर उद्यावर येऊन ठेपली. गावाचा नाशिकात नोकरीला असलेला भाचा मी एकटाच, त्यामुळे सगळं माझ्याच गळ्यात आलं. आठ दिवस ऑफिस सुटलं की पार्सल ऑफिसला खेटे चालले होते. मे महिन्याचं ऊन, घरी पंखा बंद. निघायच्या आधीच मी प्रवास करून आल्यासारखा दमलो होतो.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. आमच्या ओळखीत गाडी असलेला माणूस एकच, शेजारच्या टेबलावरचे देशपांडे. त्यांच्या वडिलांची जुनी अँबॅसडर होती. मी विचारायला कचरत होतो, पण त्यांनीच किल्ली पुढे केली. मात्र किल्लीबरोबर अर्ध्या तासाचं व्याख्यानही दिलं. चोक किती ओढायचा, तो आठवणीने आत कधी ढकलायचा, स्टिअरिंगवरचा गिअर दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना कुठे अडतो, डॅशबोर्डखालचा छत्रीच्या मुठीसारखा हँडब्रेक किती ओढला म्हणजे खरोखर लागतो, मागचं डावं दार आतून उघडत नाही म्हणून काच खाली करून हात बाहेर कसा घालायचा. शेवटी मागच्या काचेखालच्या फळीवर थाप मारून ते म्हणाले, "इथे काहीही ठेवायचं नाही. थर्मास नाही, डबा नाही. ब्रेक मारला की गाडी थांबते, सामान थांबत नाही."

मी मान डोलावली. ऐकून घेण्याचंही त्राण राहिलं नव्हतं.

मामा आदल्या संध्याकाळच्या एस.टी.ने आमच्याकडे आले होते. सत्तरीला टेकलेले, सडसडीत, डोक्याला पांढरी टोपी. विहाराची विटन् वीट त्यांनी उन्हात उभं राहून लावून घेतली होती. सकाळी मी, माझी बायको सुमन आणि मामा असे तिघं पार्सल ऑफिसला पोचलो. खोकं डिकीत घालून पाहिलं, झाकण लागेना. मागच्या दारातून घालून पाहिलं, दाराच्या चौकटीत अडकलं. शेवटी हमालांनी फळ्या उचकटल्या. पेंढ्यातून मूर्ती वर आली. दोनेक फुटांची, पद्मासनातली, मिटल्या डोळ्यांची. मामांनी टोपी काढली.

"आता डिकीत आडवी ठेवू," मी म्हणालो. "खाली पेंढा घालू, बाजूने गोधड्या."

"डिकीत?" मामा माझ्याकडे बघत राहिले. "डिकीत स्टेपनी ठेवतात रे. तथागतांना डिकीत घालून नेऊ? अन् गावात लोक हार घेऊन उभे असतील, तवा डिकी उघडून दाखवू?"

"मग?"

"सीटवर बसवायचे. पाव्हणा जसा बसतो तसे. मी शेजारी बसतो, धरून."

हमालांसमोर वाद घालायचा नव्हता. मूर्ती मागच्या सीटच्या मधोमध, समोर तोंड करून बसवली. गोधडी पांघरली. एक सुती दोर मूर्तीच्या पोटावरून घेऊन एक टोक या दाराच्या काच फिरवायच्या हँडलला बांधलं, दुसरं त्या दाराच्या. सुमनने दोर ओढून पाहिला आणि म्हणाली, "अहो, हे हँडल काच फिरवायला आहे, एवढं ओझं धरायला नाही." मला ते पटलंही होतं. पण घड्याळात दहा वाजत आले होते आणि ऊन पत्र्यासारखं तापलं होतं. मी म्हणालो, "हळू चालवतो."

नाशिकातल्या द्वारका चौकात पोचेपर्यंतच कळलं की हळू चालवणं आपल्या हातात नसतं. रिक्षा, ट्रक, सायकली, मध्येच हातगाडी. प्रत्येक ब्रेकला मागची सीट कुरकुरायची, स्प्रिंगांवर मूर्ती डुलायची आणि मामांचा आवाज यायचा, "हां, हां, धरलंय." आरशात मला रस्ता दिसतच नव्हता. आरशात फक्त गोधडीतून बाहेर आलेलं ते शांत कपाळ.

आग्रा रोडला लागल्यावर ओझर गेलं, पिंपळगाव आलं. तिथे इंजिनातून वाफ यायला लागली म्हणून थांबलो. रेडिएटरला पाणी पाजलं, आम्ही उसाचा रस प्यायलो. रसवंतीवाल्याने गाडीत वाकून पाहिलं. "आजारी माणूस हाय का?" त्याने विचारलं. सुमनने गोधडी जरा बाजूला केली. त्याने हात जोडले आणि चौथा ग्लास भरून सीटशी आणून ठेवला. तो कोणी प्यायचा हे आम्हाला कळेना. शेवटी तो मीच प्यायलो.

सुमनने सकाळी उठून भाकरी आणि शेंगदाण्याचा ठेचा करून घेतला होता. सोग्रस फाट्याच्या अलीकडे एका निंबाखाली ते खाल्लं. मामा गाडीतून उतरलेच नाहीत. एका हाताने भाकरी, दुसरा हात मूर्तीच्या खांद्यावर. "खाली उतरा ना जरा, पाय मोकळे होतील," सुमन म्हणाली. "गावात गेल्यावर करीन मोकळे," मामा म्हणाले. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. मला स्टिअरिंगवर डोकं टेकवून तिथेच झोपावंसं वाटत होतं.

फाट्यावर वळून देवळ्याच्या रस्त्याला लागलो की समोरून कांदाच येतो. लासलगावच्या बाजाराला निघालेल्या ट्रॅक्टरची रांग, ट्रॉलीच्या वर हातभर चढवलेला उन्हाळ कांदा, आणि रस्त्यावर उडणारी लाल साल. भावडबारीचा घाट फार मोठा नाही, पण भरल्या गाडीला पुरेसा आहे. चढ कसाबसा संपला. उतार सुरू झाला तसा मी गिअर खाली घेतला आणि मनात म्हटलं, झालं, आता पोचलो.

पुढच्याच वळणावर एक ट्रॅक्टर रस्त्याच्या मधोमध वर येत होता. त्याच्या ट्रॉलीचं मागचं टोक माझ्या बाजूला आलेलं होतं. मी दोन्ही पाय दाबले. टायर किंचाळले, गाडी तिरपी झाली आणि थांबली. सामान थांबलं नाही. मागे काचेचं हँडल तुटल्याचा कट्कन आवाज आला, पुढच्या सीटची पाठ माझ्या पाठीवर येऊन आदळली आणि त्याच वेळी मामा ओरडले. ओरडले म्हणजे, एकदाच, "आई" म्हणाले.

मूर्ती पुढे कलंडून आमच्या सीटच्या पाठीवर पडली होती. मामांनी तिच्या चेहऱ्यापुढे हात घातला होता. दगड आणि सीटची लोखंडी कड यांच्या मध्ये त्यांचं डावं मनगट होतं.

सुमन आधी उतरली. मला तर दारच सापडेना. ट्रॅक्टरवाला उताराला चाकाखाली दगड लावून धावत आला, चाळिशीचा, धुळीने माखलेला माणूस. "लागनं का बाबाले?" (बाबांना लागलं का?) तो म्हणाला. मग आत वाकला. "काय शे गाडीमा?" (गाडीत काय आहे?)

"बुद्धाची मूर्ती," मी म्हणालो. "जरा हात लावता का? आम्हा दोघांना उचलायची नाही."

तो पुढे आला आणि एकदम थबकला. त्याने दोन्ही हात पँटला पुसले. मामांकडे बघून म्हणाला, "बाबा, आमना हात लागना ते चाली का?" (आमचा हात लागला तर चालेल का?)

मामांच्या कपाळावर वेदनेने घाम आला होता. तरी ते त्याच्याकडे बघतच राहिले. त्यांनी काय काय ऐकलं होतं आयुष्यात ते मला ठाऊक होतं. पाणवठ्यावर, देवळाच्या पायरीवर, लग्नाच्या पंगतीत. हाताचा प्रश्न त्यांना नवा नव्हता. पण तो नेहमी त्यांच्या हाताचा असायचा. दुसऱ्या कोणी स्वतःच्या हाताबद्दल त्यांना विचारलेलं मी तरी कधी पाहिलं नव्हतं.

"चालतंय," मामा म्हणाले. "लाव बाबा. सगळ्यांचा चालतो."

तिघांनी मिळून मूर्ती मागे केली. हात मोकळा झाला तेव्हा मनगट भलत्याच कोनात वळलेलं दिसलं. मूर्तीला ओरखडासुद्धा नव्हता. मामांनी आधी ते पाहिलं, हाताकडे नंतर.

आता पुन्हा बसवायची तर कशी, हा प्रश्न होता. दोराचं एक टोक तुटलेल्या हँडलसकट लोंबत होतं. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "आडवी घाला, खाले घाला." मी मामांकडे पाहिलं. ते मान हलवत होते, नाही म्हणून.

सुमन गाडीच्या उघड्या दाराशी, त्यांच्यापुढे रस्त्यावर उकिडवी बसली. ती शाळेत शिकवते, आणि वर्गात हट्टी पोराशी बोलते तशीच बोलली. "मामा, कुशिनाराला शेवटच्या वेळी शालवृक्षांखाली तथागत आडवेच झाले होते ना? उजव्या कुशीवर?"

मामांनी मान हलवणं थांबवलं.

"मग आजही होतील. तुमचा दुसरा हात मला शाबूत हवाय."

मामा म्हणाले, "उजव्याच कुशीवर."

मागच्या सीटची गादी वर ओढली की निघून येते, हे मला त्या दिवशी कळलं. ती काढून डिकीत टाकली. खाली सपाट पत्रा आणि पायाजवळची खोलगट जागा उरली. "मनाजोडे बारदान शे," (माझ्याजवळ रिकामी पोती आहेत) म्हणत ट्रॅक्टरवाल्याने ट्रॉलीतून गठ्ठा आणला. मूर्ती अगदी तळाला, पुढच्या सीटच्या पाठीला टेकवून उजव्या कुशीवर ठेवली. वर-खाली गोधड्या, कडेने घट्ट कोंबलेली पोती. मी तिला हलवून पाहिलं. हलेना. हे पार्सल ऑफिसातच करता आलं असतं, असं तेव्हा कोणीच बोललं नाही. मामा पुढच्या लांब सीटवर माझ्या आणि सुमनच्या मध्ये बसले, सुमनच्या ओढणीच्या झोळीत हात घालून. ट्रॅक्टरवाल्याचं नाव विचारायचं राहिलं. त्याच्या मागे हॉर्न वाजायला लागले होते.

घाट उतरताना मामा म्हणाले, "आधी गावात चल. लोक खोळंबलेत."

"आधी डॉक्टर," सुमन म्हणाली.

"सुमन, ऐक..."

"मामा, मूर्ती दगडाची आहे. ती थांबेल."

देवळ्याला एका डॉक्टरांच्या ओट्यावर दीड-दोन तास गेले. मनगट मोडलं होतं. त्यांनी ते ओढून जागेवर बसवलं. मामांनी दात आवळले, पण आवाज केला नाही. प्लास्टर घालून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, नाशिकला मोठ्या दवाखान्यात हाडाचा फोटो काढून दाखवा. मी बाहेर सावलीत गाडीला टेकून उभा होतो. येणारेजाणारे काचेतून आत डोकावत आणि पोती बघून पुढे जात. मी इतका दमलो होतो की कोणी विचारलं असतं तर कांदा आहे म्हणून सांगितलं असतं.

गावात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. रस्त्याच्या तोंडाशी पांढऱ्या साड्यांतल्या बायका, कपाळाला घाम आलेला बँड, हारांची टोपली. "जयभीम, जयभीम" म्हणत लोक गाडीभोवती जमले आणि मागच्या सीटवर कोणीच नाही हे पाहून गोंधळले. मी दार उघडलं. वरचं बारदान काढलं. मामांच्या वयाचे एक सीताराम बाबा होते, विहाराच्या कामात मामांचे जोडीदार. त्यांचा चेहरा उतरला.

"बारदानात आणलं?" ते म्हणाले. "आडवं टाकून? कांद्यागत?"

मामा गाडीतून उतरले. झोळीतला हात सगळ्यांना दिसला तेव्हा बायकांत कुजबुज झाली.

"सीतारामा, सकाळी मी पण हेच बोललो होतो," मामा म्हणाले. "बसवूनच आणत होतो. माझ्यामुळे भुगा झाला असता तथागतांचा. झोपले म्हणून आले." मग जरा थांबून म्हणाले, "आता उचला. अन् ते बारदान फेकू नका. चांगल्या माणसाचं आहे."

सीताराम बाबांनीच पहिला हात घातला. बँड उशिरा, बेसूर सुरू झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी भन्तेंच्या उपस्थितीत मूर्ती ओट्यावर बसली. वंदनेला सगळ्यांचे हात जोडले गेले. मामांना जोडता येईनात. त्यांनी उजवा हात प्लास्टरवर टेकवला आणि तसेच उभे राहिले.

त्याच दुपारी आम्ही मामांना घेऊन नाशिकला निघालो. मागची गादी पुन्हा जागेवर बसवली होती. मामा तिच्यावर आडवे झाले आणि गाव सुटायच्या आतच घोरायला लागले. किती महिन्यांची झोप होती कोण जाणे. मोकळी गाडी खड्ड्यांतून टणटण उडत होती, तरी ते जागे झाले नाहीत. घाटात मी नको तितकी हळू चालवली. मागून ट्रकवाले शिव्या देऊन पुढे गेले. सुमनही काचेला डोकं टेकवून झोपली. जागा मी एकटाच होतो, आणि मला त्याचं वाईट वाटत नव्हतं.

नाशिकच्या दवाखान्यात फोटो काढायच्या खोलीबाहेर बाकावर बसलो. नंबर लागल्यावर मीही मामांबरोबर आत गेलो. पांढऱ्या कोटातल्या मुलीने मामांचा हात फळीवर ठेवत विचारलं, "कसं झालं बाबा? पडलात का?"

"पडलो नाही," मामा म्हणाले. "धरत होतो."

हात असाच ठेवा, हलू नका, एवढंच ती म्हणाली. आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच मामा कोणाचं तरी एका शब्दात ऐकून अगदी स्थिर बसले.