बहिणीच्या खाडीचं लोणचं

संशय घेणं हीच माझी नोकरी. नागपूरच्या मिहानमधल्या ऑफिसात बसून मी उपग्रहानं टिपलेलं किनाऱ्याचं पाणी तपासते. उपग्रहावरचा कॅमेरा उजेडातले शेकडो बारीक रंग वेगळे करतो. पण त्याच्यापर्यंत पोचणारा बराचसा उजेड हवेतलाच, पाण्यातला चिमूटभर. हिरवं दिसलं की मी आधी विचारते, हे शेवाळ, गाळ की नुसती चकाकी? नागपुरात बसून समुद्र पाहते म्हणून घरचे हसतात. हसोत बापडे.

धाकटी बहीण कोकणात दिलेली, खाडीकाठी. तिला दिवस गेले आणि त्याच सुमारास तिच्या खाडीच्या तोंडाशी मला तांबूस-हिरवा पट्टा दिसायला लागला. पुन्हा पुन्हा तपासलं. शेवाळच. त्याच्या काही जाती विषारी असतात आणि ते विष शिंपल्यांत, म्हणजे तिकडच्या तिसऱ्यांत, साठतं. ही जात कोणती, ते मात्र रंगावरून कळेना. माझा जीव टांगणीला लागला.

फोन केला. "तिसऱ्या खाऊन राहिली का वं?"

"हो. काहून?" आवाज नको तितका गोड. मागे सासूबाईंचा खोकला. तिच्या सासरचा धंदाच शिंपल्यांचा.

मी पट्ट्याचं सांगितलं, पोटातल्या बाळाची आण घातली. "बरं ताई," म्हणाली आणि फोन ठेवला.

थोड्याच दिवसांत ट्रॅव्हल्सनं पार्सल आलं. तिसऱ्यांचं लोणचं! मग आणखी एक बरणी, मग आणखी. माझं डोकंच फिरलं. इतकं सांगून ही बया स्वतः खाते ती खाते, वर आम्हालाही खाऊ घालते? एकही बरणी मी उघडली नाही, सगळ्या माळ्यावर टाकल्या. फोनवर मात्र "मस्त झालं गं" म्हणायचे.

सातव्या महिन्यात ती बाळंतपणाला माहेरी आली. एका संध्याकाळी ऑफिसातून येते तर सगळ्या बरण्या ओट्यावर, आणि ही समोर उभी. मेले, म्हटलं, आता भांडण.

"एकही नाही उघडली?"

"नाही. मले भरोसा नव्हता."

ती खुर्चीत बसली आणि रडायलाच लागली.

"माझ्या वाट्याच्या तिसऱ्या होत्या वं त्या. सासूबाई पोटुशीसाठी म्हणून वेगळ्या काढून ठेवायच्या. त्यांच्यासमोर फेकता कशा? माहेरी लोणचं पाठवते म्हटलं की कोणी काही बोलत नव्हतं. फोनवर सांगू कशी, त्या कायम जवळच. तू खाणार नाहीस, पक्कं माहीत होतं मले." तिनं डोळे पुसले. "पण तू फोनवर मस्त झालं, मस्त झालं म्हणायची ना, तेव्हा मले रात्रभर झोप नाही यायची."