आधी डामेन, मग हेरेन

आमचे हे ओमानमध्ये दुक्मला रिफायनरीत इंजिनिअर. मी आणि लेक मस्कतमध्ये, अल खौदला. सुट्टीला घरी आले की ह्यांचे हात शिवशिवतात. नळ गळत नसला तरी पाना घेऊन बसतील. आम्ही कौतुकाने सोडून देतो.

पण त्या गुरुवारी ह्यांनी नळाऐवजी लेकीचा मेल दुरुस्त केला.

लेकीचा जर्मनीतल्या विद्यापीठातला प्रवेश जवळजवळ झाला होता. अडलं होतं ते बारावीच्या मार्कशीटवर लागणाऱ्या सरकारी शिक्क्यांपाशी. ते वेळेत होईनात. थोडी मुदत वाढवून द्या, अशी विनंती तिथल्या ऑफिसला करायची होती. मुदत मिळाली नाही तर पोरीचं वर्ष वाया.

मेल तिने स्वतः जर्मनमध्ये लिहिला. मायना होता, ‘झेर गेएर्टे डामेन उंड हेरेन’. म्हणजे सन्माननीय स्त्रिया आणि पुरुष.

“मेल कोण वाचणार माहीत नसलं की असं लिहितात, मम्मी. लेडीज फर्स्ट.”

मला तो मायना भलताच आवडला. मी इथल्या एका ऑफिसात कामाला आहे. मेलखाली माझं नाव ढळढळीत असतं, तरी उत्तरं येतात ती ‘डिअर सर’! सांगून सांगून थकले.

मी पोळ्या लाटत होते, लेक अंघोळीला गेली होती. बाहेरून ह्यांचा आवाज आला, “पाठवला गं मेल! यल्ला, खलास, झालं काम! मायना जरा लांबला होता, डामेन काढून टाकलं. हेरेन पुरे. आमच्याकडे जर्मन कंपनीला सगळे तसंच लिहितात.”

मी लाटण्यासकट बाहेर आले. “तुमच्याकडे डामेन आहेत कुठे? दुक्मला दिवा घेऊन शोधली तरी बाई सापडायची नाही, म्हणून काय जर्मनीतही नसेल? अहो, उंटावरचे शहाणे तुम्ही!”

लेक ओल्या केसांनी आली, मेल बघितला आणि मटकन खाली बसली. “पप्पा, तिथे मॅडम असली तर? तिला वाटेल मी तिला काउंटच नाही केलं.” आणि रडायलाच लागली. तेव्हा कुठे ह्यांचा चेहरा पडला.

तिने लगेच दुसरा मेल लिहिला, माफी मागून, पूर्ण मायन्यासकट. पण जे गेलं ते गेलंच होतं. शुक्रवारी उत्तर नाही. शनिवार-रविवार तिकडची सुट्टी. हे कसंबसं जेवून दुक्मला परतले आणि तासातासाला फोन.

“आलं का?”

“आलं असतं तर सांगितलं नसतं का!” मी खेकसायची. खरं तर माझाही जीव टांगणीला लागला होता.

सोमवारी दुपारी ऑफिसात लेकीचा फोन आला. “मम्मी, मुदत दिली!”

मी पँट्रीत जाऊन दार लावलं आणि आधी चक्क रडून घेतलं. मग म्हटलं, वाच सगळं.

तिच्या नावावरून मुलगा की मुलगी ते त्यांना कळलं नसावं. म्हणून मायन्यात नुसतं ‘नमस्कार’ आणि पुढे तिचं पूर्ण नाव. बघा, किती सोपं! माझ्या डिअर सरवाल्यांना हे कधी सुचलं नाही. आणि मजकुराच्या शेवटी एका बाईंनी लिहिलं होतं, ‘तुमचे दोन्ही मेल पोचले. आमच्या विभागात सध्या सगळ्या बायकाच आहोत. तरी उत्तर आम्हीच देत आहोत, चालेल ना?’

ह्यांना फोन लावला. उत्तर वाचून दाखवलं.

“म्हणजे एकही हेरेन नाही?”

“औषधालासुद्धा नाही.”

“हुश्श!” म्हणाले आणि इतके हसले, की मीही हसत सुटले. चार दिवसांनी जीवात जीव आला होता.

संध्याकाळी आभाराचा मेल लिहायला बसलो. हे फोनवर होतेच.

“पप्पा, आता फक्त डामेन लिहू ना?”

“नको नको, दोन्ही लिही,” हे घाईघाईने म्हणाले. “उद्या एखादा पुरुष तिथे नोकरीला लागला, तर बिचाऱ्या एकट्याला किती वाईट वाटेल!”