काळजातलं ठिगळ
डॉक्टरीणबाईंनी मला आणि सूनबाईला पडद्यावर माझं हृदय दाखवलं. त्याचा एक कोपरा हलत नव्हता.

"आजोबा, इथं वण धरलाय."

"ठिगळ म्हणा की. जन्मभर चपला शिवल्यात मी. ठिगळ टिकतं, पण वाकत नाही."

बाई हसल्या. म्हणाल्या, दुखावलेली पेशी आपल्यातलीच ताकद बाहेर सांडते, तीच तिची शेजाऱ्यांना हाक. शेजारी धावून येतात, शिवतात. हाक थांबली नाही, तर शिवतच राहतात आणि काळीज ताठरतं.

डोळ्याला न दिसणाऱ्या जिवाला हाक मारायची केवढी अक्कल! मी मात्र छातीत कळ आली तरी दात आवळून टाके घालत बसलो होतो.

दवाखान्यातून निघताना म्हटलं, "सूनबाई, जरा हात दे."

पायऱ्या चारच होत्या.